काठी नव्हे, सामान

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "काठी वापरत जा." मी त्यांच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की त्यांनी मुकाट्यानं गोळ्या लिहून दिल्या. काठी म्हणजे आमच्या सोसायटीच्या बाकावर बसून 'आमच्या वेळी' असं म्हणत वाक्य सुरू करणाऱ्या मंडळींची वस्तू. वाक्य मीही तसंच सुरू करते, पण हात मोकळे ठेवून.

माझा मुलगा परदेशात असतो आणि आईला पुरता ओळखून असतो. त्यानं काठी पाठवली नाही. त्यानं ट्रेकिंगचे पोल पाठवले, दोन, घडी होणारे, मनगटात अडकवायला पट्टा असलेले. जोडीला घोट्यापर्यंतचे बूट, उन्हाची टोपी आणि पाठीवरची सॅक. सॅकमध्ये पाण्याची पिशवी, तिच्यातून एक नळी निघून थेट तोंडाशी येते. खोक्यावरची किंमत वाचून मी आधी खुर्चीत बसले. मग फोन करून त्याला म्हटलं, "अरे, एवढ्या पैशात तुझ्या आजोबांनी माझं लग्न लावून दिलं होतं." तो म्हणाला, "मग तेवढं टिकतंय का बघ." हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं, पण हौस त्याची होती आणि गुडघे माझे.

हे सामान कपाटात पडून राहिलं असतं. पण चैत्र लागायच्या सुमारास पारूचा फोन आला.

पारू माझी महाडच्या शाळेतली मैत्रीण. मी मास्तरांची मुलगी, घर शाळेच्या मागेच. ती दासगावहून एस.टी.नं यायची आणि माझ्या शेजारी बसायची. माझं लग्न पुण्यात झालं, तिचं पोलादपूरच्या वर डोंगरातल्या एका वाडीत. तेव्हापासून ती दर चैत्रात मला देवीच्या ओटीला बोलावते आणि मी दर चैत्रात काही ना काही सबब सांगते. या वेळी तिचा आवाज निराळा होता.

"नीले, औंदा ये गो. पुढलं काय सांगता येत नाय."

वाडीच्या देवीची पहिली ओटी भरण्याचा मान पारूच्या घराकडे आहे. घरातली थोरली बाई ती भरते. सहाणेपासून, म्हणजे पालखी टेकवतात त्या गावाच्या ओट्यापासून, वरच्या देवळापर्यंत तिनं अनवाणी आणि स्वतःच्या पायांनी चढायचं असतं. ज्या वर्षी थोरलीच्या हातात काठी येते, त्या वर्षी ओटीचं ताट सुनेच्या हातात जातं. कुणी बोलून दाखवत नाही, भांडणतंटा नाही, रीतच तशी आहे. पारूच्या सासूचा मान असाच एका चैत्रात पारूकडे आला होता, आणि सासूबाई त्यानंतर कधी देवळाकडे फिरकल्या नाहीत. आता पारू पावसाळ्यात शेताच्या बांधावरून पडली होती आणि तिचा डावा पाय तेव्हापासून धड नव्हता.

"चालतेस ना पण?" मी विचारलं.

"भिंतीला धरून चालते. देवळाच्या वाटंला भिंत नाय."

मी त्या दिवशी सॅक बाहेर काढली.

हिरकणीवाडी

नवे बूट थेट डोंगरावर नेऊ नयेत, आधी थोडे चालून रुळवावेत, असं मुलानं बजावलं होतं. म्हणून महाडला मुक्काम करून मी सकाळी रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीला गेले. टोपी, बूट, सॅक, नळी, दोन हातांत दोन पोल. एका टपरीवर कोकम सरबत घ्यायला थांबले. टपरीवाल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"गडावर चढून जाणार?"

"नाही हो. रोपवेनं."

"मग ह्या दोन कशाला?" पोलांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "पाळण्याला टेकू देणार काय?"

मी हसले, त्याही हसल्या, आणि सरबतात त्यांनी बर्फाचा आणखी एक खडा टाकला. तेवढ्यात गडावरून पोरांचा एक घोळका धावत खाली आला. त्यांच्यातल्या एकाच्या बुटाचा तळवा सुतळीनं बांधलेला होता आणि तो सगळ्यांच्या पुढे होता. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते कोणाला, हे मला तिथे आरसा नसतानाही दिसलं.

तरी एक सांगते. रोपवेतून उतरून वर जेवढी हिंडले, तेवढ्यात गुडघे कुरकुरले नाहीत. पोल चांगलेच होते. बुटांनी मात्र डाव्या करंगळीशी वैर धरलं, आणि टोपी जगदीश्वराच्या देवळाकडे जाताना वाऱ्यानं जी उडाली ती थेट दरीत गेली. एवढी किमती टोपी, पण हनुवटीखाली बांधायची दोरी तेवढी मी बांधली नव्हती.

दासगाव

पारूच्या घरच्या ओटीचा नारळ दरवर्षी तिच्या माहेरून येतो. एरवी तिचा भाऊ नेऊन देतो. या वर्षी मी जाणार म्हणून काम माझ्याकडे आलं. मला त्याचा फार आनंद झाला. माझं महाडमधलं घर विकून किती तरी वर्षं झाली, त्यामुळे माहेर म्हणून उंबरा ओलांडावा असं घर माझ्याकडे उरलेलं नाही.

पारूच्या वहिनीनं मला बाहेर उभंच राहू दिलं नाही. हात धरून आत नेलं, पाटावर बसवलं. तांदळाची भाकरी, सावित्रीच्या खाडीतल्या माशांचं कालवण आणि कैरीची फोड. पुण्यात आम्ही पाहुण्याला "आणखी वाढू का?" असं विचारतो, आणि विचारण्याच्या सुरातच उत्तर सांगून ठेवतो. इथे विचारणं नव्हतंच. माझी भाकरी संपायच्या आत दुसरी येऊन पडत होती.

निघताना वहिनीनं नारळ, तांदूळ आणि हिरवा खण माझ्या सॅकमध्ये ठेवला. मागच्या दारी भरतीचं पाणी चढत होतं.

"वन्संना सांगा," ती म्हणाली, "नारळ तुमच्याच माडाचा हाय. तुम्ही लावला होता तो." आणि मग जरा थांबून, "वर चढतील ना हो त्या?"

मी नुसती मान हलवली, आणि ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही.

पोलादपूर

पोलादपूरच्या स्टँडवर पारूचा मुलगा रवी जीप घेऊन आला होता. मुंबईला एका ऑफिसात नोकरी करतो, ओटीसाठी रजा टाकून आलेला. माझे पोल पाहताच त्याचे डोळे चमकले. "मावशी, हे लय भारी. आमच्या ऑफिसातली पोरं घेतात. केवढ्याला पडले?" मी आकडा सांगितला. तेव्हापासून तो जीप खड्डे चुकवत नीट चालवायला लागला.

महाबळेश्वरकडे जाणारा घाटरस्ता डाव्या हाताला सोडून जीप वाडीच्या कच्च्या वाटेला लागली. करवंदीच्या जाळ्या हिरव्या फळांनी भरल्या होत्या, काजूचा वास सुटला होता. माझी पाठ हळूहळू गार वाटायला लागली. मी म्हटलं, डोंगराची हवा लागतेय. हवा कसली? पाण्याची पिशवी गळत होती. वाडीत पोचून सॅक उघडली तर नारळ आंघोळ करून बसला होता, तांदूळ भिजले होते आणि देवीचा खण पिळण्याजोगा झाला होता.

पारू पडवीत उभी होती, एक हात खांबाला. तिनं तो खण हातात घेतला, पिळला, आणि इतकी हसली की खांब दोन्ही हातांनी धरावा लागला.

"देवीचा खण धुऊन आणलास व्हय गो? शाळंत पण तुजी शाई अशीच सांडायची."

मी तिच्या गळ्यात पडले. ती खूप वाळली होती. खांद्याची हाडं हाताला लागली आणि मला एकदम रडू आलं, ते मी खणाच्या निमित्तानं लपवून टाकलं.

वरची वाडी

संध्याकाळी खण दोरीवर वाळत होता. पारूची सून संगीता कोवळ्या फणसाची भाजी चिरत होती, हाताला तेल लावून. पारूचे यजमान, ज्यांना ऐकू येत नाही पण सगळं कळतं, ते माझा एक पोल घेऊन अंगणात उघडझाप करत बसले होते. मी दुसरा पारूपुढे धरला.

"उद्या हा घे."

"नको."

"अगं, किती हलका आहे बघ तरी."

"हलकी असू दे नायतर जड. काठी म्हंजे काठी." तिनं माझ्याकडे पाहिलं. "मान जायचा तर जाईल गो. संगीता गुणाची हाय, तिच्याकडं गेला तर मला वाईट नाय वाटणार. पण सासूबाईंचं मी बघितलं हाय. ताट त्यांच्या हातातनं घेतलं मी. त्यांनी दिलं नाय, मी घेतलं. रीत म्हणून. त्यांचे हात तसेच पुढं राहिले. तसं नको व्हायला माजं."

संगीताची विळी थांबली होती. ती मान खाली घालून बसली, आणि मग पुन्हा चिरायला लागली. मला त्या सासूसुनांपुढे माझ्या काठीच्या तोऱ्याची लाज वाटली. मी लोकांच्या बोलण्याला भ्यायले होते, पारू त्या पुढे राहिलेल्या हातांना भीत होती.

सकाळी उन्हं चढायच्या आत सगळी वाडी सहाणेवर जमली. मुंबईहून आलेली माणसं, नव्या साड्या, गजरे, ढोल. सहाणेवर पायताणं काढायची. माझे बूटही तिथेच निघाले, आणि एवढ्या दुरून आणलेले ते बूट नेमक्या डोंगरावर माझ्या पायात नव्हतेच. वाडीच्या एका कुत्र्यानं त्यांच्यावर मान टाकली आणि तो झोपी गेला. मी दोन पोल घेऊन घोळक्याच्या मागे लागले; पाहुणीला कुणी काही म्हणत नव्हतं.

पारू सगळ्यांच्या पुढे होती, हातात ओटीचं ताट. सुरुवातीची वाट ती चालली. माझ्या जागेवरून मला तिचा पाय दिसत नव्हता, फक्त ताट दिसत होतं. ते आधी सरळ होतं, मग एका बाजूला कलायला लागलं. संगीता धावली आणि तिनं खालून हात लावून ते सावरलं, पण हातात घेतलं नाही. चढणीच्या वळणावर पारू एका दगडावर बसली.

ढोल थांबला. एक बाई हळूच म्हणाली, "संगीता, घे गो ताट." संगीता जागची हलली नाही. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले, लहान मूल नेतं तसे. वाडीचा गुरव जमिनीकडे बघत उभा राहिला.

मी वाट काढत पुढे गेले आणि एक पोल पारूच्या हातात दिला. "नको," ती म्हणाली, पण तोवर तिच्या बोटांनी मूठ धरली होती.

"थांबा," आवाज आला. तो वाडीतल्या सगळ्यांत जुन्या मानकऱ्यांचा होता. त्यांना सगळे आजा म्हणतात. स्वतःच्या बांबूच्या काठीवर भार टाकत ते पुढे आले. "काठी टेकून मानाची ओटी चालत नाय. सगळ्यांना ठाव हाय."

"आजा, ही काठी नाय," रवी एकदम बोलला.

"मग काय हाय?"

"ट्रेकिंगचं सामान हाय. रायगडावर तरणी पोरं घेऊन चालतात. म्हाताऱ्या माणसांसाठी नाय हे."

आजांनी माझ्या हातातला दुसरा पोल मागून घेतला. त्याची घडी घातली, उघडली, कानाशी नेऊन टिचकी मारली.

"लाकूड नाय," ते म्हणाले.

"नाय."

"बांबू पण नाय. आणि काठीला असला पट्टा कधी बघितला हायस काय रं गुरवा?"

गुरवानं पहिल्यांदा मान वर केली. "आपण तर नाय बघितला."

"केवढ्याची म्हणतास ही?"

रवीनं आकडा सांगितला. घोळक्यातून बायकांचा "अगो बाय" असा आवाज उठला. आजांनी पोल दोन्ही हातांत आडवा धरला, आणि जरा आदरानंच धरला. पारूकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

"एवढ्या पैशात काठी कोण येडा घेईल?" ते म्हणाले. "काठी रानात फुकट मिळते. ही काठी नाय. वाजव रे ढोल."

मी त्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिलं. त्यांतल्या एकालाही ती काठी नाही असं वाटत नव्हतं. सगळे कुठून तरी एक दार उघडायची वाट बघत होते, आणि दार उघडलं ते त्या खोक्यावरच्या किमतीनं. पोल निम्म्या किमतीचा असता तर आजा कदाचित अडले असते. रवीच्या खांद्याला संगीतानं हळूच धक्का दिला, आणि ताट सासूच्या दुसऱ्या हाताला खालून टेकू देत ती तिच्या बरोबरीनं चालायला लागली.

पारू चढली. मी मागून बघत होते. पोल आधी पुढे, मग धड पाय, मग दुखरा पाय. देवळाच्या पायऱ्यांशी तिनं क्षणभर श्वास घेतला आणि वर गेली. आम्ही बायका गाभाऱ्याच्या दाराशी दाटीवाटीनं उभ्या राहिलो. मी तिच्या अगदी लगत होते, म्हणून मला ऐकू आलं. तिनं दासगावचा नारळ, नवे तांदूळ आणि तो धुतलेला खण देवीच्या ओटीत घातला. पोल पायरीशी आडवा ठेवला. हात जोडले आणि पुटपुटली,

"आई, काठीच हाय गो ती. माज्यापायी समद्यांनी खोटं सांगितलं. त्यांच्यावर रागवू नको."

मला पुढचं काही नीट दिसेनासं झालं. तिनं वळून संगीताला हाक मारली, ताटात मागे ठेवलेला दुसरा नारळ आणि मूठभर तांदूळ उचलले आणि सुनेच्या ओंजळीत घातले.

"पयली मी भरली. दुसरी तू भर. पुढल्या सालापासून पयली तुजी."

"आई, असं नका ना करू," संगीता रडायला लागली. "तुम्ही चढलात की."

"चढले म्हणून तर देते. घरात बसून काय दिलं असतं? भर."

संगीतानं ओटी भरली. तिचे हात पारूनं खालून धरले होते. देवळातून बाहेर आलो तेव्हा आजा आपल्या बांबूवर हनुवटी टेकून बसले होते. पारूनं पोल सर्वांदेखत टेकवला आणि सावकाश उतरायला लागली, कुणाची नजर न चुकवता.

दुसऱ्या दिवशी निघताना मी एक पोल पडवीतच ठेवला. पारू म्हणाली, "जोडी हाय ती. मोडू नये गो."

"मोडली कुठे? एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे."

तिनं मला करवंदांच्या लोणच्याची बरणी दिली, आणि ती गळणार नाही अशी फडक्यानं चार वेळा बांधून दिली. जीप वळणावर गेली तेव्हा ती पडवीच्या बाहेर अंगणात उभी होती, खांबापासून लांब.

मुलानं फोनवर विचारलं, "काय मग, पैसे वसूल झाले का?" मी त्याला सांगितलं की टोपी दरीत गेली, पिशवी गळकी निघाली, बूट चावतात, आणि पोलांचे पैसे मात्र वाडीनं वसूल केले. त्याला काही कळलं नाही, मग सगळं सांगितलं. पारू अधूनमधून फोन करते. ती सांगते, आजा दिसले की विचारतात, "तुमचं सामान बरं हाय ना?"

काल जिन्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. माझ्या हातातल्या एकट्या पोलाकडे पाहून कौतुकानं म्हणाल्या, "अरे वा, ट्रेकिंग का?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. पण पारूनं देवीला खरं सांगितलं होतं. मी निदान शेजारणीला तरी सांगावं.

"नाही हो," मी म्हटलं. "काठी आहे."